बाळाची भाषा कानाची वाट पाहत नाही

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या आईवडिलांना आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. खुणा करू नका. एकदा का त्याला खुणांची सवय लागली, की ते बोलायचा कंटाळा करेल. हा सल्ला आजीआजोबा देतात, शेजारीपाजारी देतात आणि आजवर कित्येक तज्ज्ञांनीही दिला आहे. सांगणाऱ्याच्या मनात कळकळ असते, म्हणून तो ऐकलाही जातो. बाळाकडे बघून आपसूक उचललेला हात आई खाली घेते आणि ओठ हलवत, मोठ्याने बोलत राहते. कानाचं मशीन मिळेपर्यंत, कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवण्याची, शस्त्रक्रिया होईपर्यंत आणि त्यानंतर बोल फुटेपर्यंत घरातले सगळे वाट पाहत बसतात.

माझं म्हणणं असं, की या वाट पाहण्याची किंमत बाळ भरतं आणि ती फार मोठी असते. ऐकू येण्यासाठी जे करायचं ते जरूर करावं, लवकरात लवकर करावं. पण भाषा मात्र त्याआधीच, निदान झालेल्या दिवसापासून, डोळ्यांवाटे द्यायला हवी. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. गेल्या तीन-चार दशकांत संशोधकांनी हा प्रश्न थेट बाळांनाच विचारला आहे आणि बाळांनी दिलेलं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

या सल्ल्याची परीक्षा घ्यायला चेन्नईइतकं योग्य शहर क्वचित सापडेल. कर्णबधिर बाळांसाठी या शहराने जे केलं, ते देशातल्या फार थोड्या शहरांना जमलं. अड्यारच्या शास्त्रीनगरमधली बाल विद्यालय ही शाळा १९६९ पासून अगदी लहान कर्णबधिर मुलांसोबत काम करते आहे. लिटल फ्लॉवर कॉन्व्हेंटची कर्णबधिरांची शाळा त्याहून कितीतरी जुनी. अड्यारमध्येच सेंट लुईस संस्था आहे आणि तिथे कर्णबधिर विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत शिकता येतं. कॉक्लियर इम्प्लांटची महागडी शस्त्रक्रिया सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तमिळनाडूने मुख्यमंत्र्यांच्या आरोग्य विमा योजनेत आणली. म्हणजे कानासाठी झटणारी माणसं या शहरात आहेत, आणि सांकेतिक भाषेत जगणारी, शिकणारी, नोकरी करणारी माणसंही आहेत. या दोघांची गाठ बाळाच्या पाळण्यापाशी मात्र पडत नाही.

आता बाळांचं उत्तर पाहू. सहा महिन्यांच्या बाळाला प्रश्न कसा विचारायचा? त्याला बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही. पण त्याला कंटाळा येतो आणि कुतूहलही वाटतं. प्रयोगशाळेत बाळ आईच्या मांडीवर बसतं, समोर पडदा असतो आणि एक कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर रोखलेला असतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली की बाळ मान फिरवतं. मग काहीतरी थोडंसं बदलायचं. बदल लक्षात आला तर बाळ पुन्हा वळून बघतं, नाही आला तर बघत नाही. किंवा दोन वेगळी दृश्यं दाखवायची आणि नजर कुठे जास्त वेळ खिळते ते मोजायचं. एवढ्या साध्या युक्तीने बाळाच्या मनातलं बरंच काही हाती लागलं आहे.

उर्सुला क्रेन्ट्झ आणि डेव्हिड कोरिना यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. ऐकू येणारी, घरात सांकेतिक भाषेचा गंधही नसलेली सहा महिन्यांची बाळं. त्यांना एका बाजूला अमेरिकन सांकेतिक भाषेतलं बोलणं दाखवलं आणि दुसऱ्या बाजूला मूकाभिनय. दोन्हींत हात हलत होते, दोन्हीही बाळांना सारखेच अनोळखी होते. तरी बाळं सांकेतिक भाषेकडे जास्त वेळ पाहत राहिली. दहा महिन्यांच्या बाळांमध्ये हा कल उरला नव्हता. जी भाषा आपल्या घरात नाही तिच्यावरचं लक्ष त्यांनी तोवर काढून घेतलं होतं.

हे 'काढून घेणं' मराठी वाचकाला चटकन समजेल असं एक उदाहरण आहे. आपल्या 'त' आणि 'ट' मधला फरक इंग्रजी भाषकाच्या कानाला सहसा कळत नाही. कॅनडात व्हँकुव्हरला जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक व्यवस्थित कळतो. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळतो. हिंदी घरातल्या बाळांना मात्र तो वर्षभरानंतरही कळत राहतो. प्रत्येक बाळ जगातल्या सगळ्या भाषांसाठी तयार होऊन येतं आणि पहिल्याच वर्षात घरच्या भाषेवर आपली शक्ती एकवटतं. जे कामाचं नाही ते सोडून देतं.

हाच नियम हातांनाही लागू पडतो. बेकर, गोलिन्कॉफ आणि पेटिटो यांनी २००६ मध्ये ऐकू येणाऱ्या बाळांना सांकेतिक भाषेतल्या हाताच्या आकारांमधले बारीक फरक दाखवले. चार महिन्यांच्या बाळांनी ते ओळखले, चौदा महिन्यांच्या बाळांना ते ओळखता आले नाहीत. वर्कर यांच्याच गटाने २०१२ मध्ये पुढची पायरी दाखवली: घरात सांकेतिक भाषा असेल तर चौदा महिन्यांच्या बाळाचीही ही क्षमता टिकून राहते. कानाचा आणि डोळ्याचा हिशेब असा हुबेहूब जुळतो, याचा अर्थ लागतो तो एकच. बाळाचा मेंदू आवाजाच्या शोधात नसतो. तो एका विशिष्ट घडणीच्या शोधात असतो. लय, पुनरावृत्ती, ठरावीक तुकडे आणि त्यांच्या जुळण्या यांनी बनलेली ती घडण कानावाटे येवो की डोळ्यांवाटे, ती भाषा म्हणूनच पकडली जाते.

हाताचा आकार भाषेचं एकक कसा होतो, हे पाहायला चेन्नईतच एक सुरेख सोय आहे. तिरुवान्मियूरच्या कलाक्षेत्रात भरतनाट्यम शिकणारी मुलगी सुरुवातीलाच एका हाताच्या मुद्रा घोकते. पताक म्हणजे बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा दुमडलेला. अनामिका वाकवली की झाला त्रिपताक. तिच्यासोबत करंगळीही वाकली की अर्धपताक. एका बोटाच्या फरकाने नाव बदलतं, वापर बदलतो आणि अधलीमधली मुद्रा गुरू चालवून घेत नाहीत. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल जे मांडलं, ते या अंगाने समजून घेता येतं. एकेक खूण म्हणजे एकसंध चित्र नसतं. हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल अशा मोजक्या घटकांतून ती घडते, जसा शब्द मोजक्या ध्वनींतून घडतो. नृत्यातल्या मुद्रांना मात्र भाषेचं व्याकरण नाही. त्यांतून कोणी भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही की मुलाला रागावत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत हे सगळं होतं. तिला वाक्यरचना आहे, प्रश्नार्थक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, भुवया आणि मान व्याकरणाचं काम करतात. मुंबई, दिल्ली, चेन्नई इथल्या खुणांमध्ये फरक आढळतात, पण व्याकरण बरंचसं एक असल्याचं अभ्यासकांना दिसलं आहे.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण आपल्या घरात बाळाला खुणा शिकवतातच. 'टाटा कर', 'बाप्पाला नमो कर' हे प्रत्येक मराठी बाळ शिकतं. तेव्हा लोकांना वाटतं, सांकेतिक भाषा म्हणजे अशाच चार-दोन खुणा जास्त. ऐकू येणाऱ्या बाळाला टाटा आणि नमो यांच्या भोवती दिवसभर मराठीचा पाऊस पडत असतो. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या वाट्याला फक्त टाटा आणि नमो येतात. त्याला या सुट्या खुणांनी भागवता येत नाही. त्याला संपूर्ण भाषा लागते.

ती भाषा बाळापर्यंत कशी पोचते, हे कर्णबधिर आया फार छान जाणतात. जपानी संशोधक नोबुओ मासाताका यांनी १९९० च्या दशकात अशा आयांचं बारकाईने निरीक्षण केलं. आपण बाळाशी बोलताना आवाज चढवतो, शब्द लांबवतो, तेच तेच म्हणतो. या आया खुणा सावकाश करतात, मोठ्या करतात, पुन्हा पुन्हा करतात. सहा महिन्यांची कर्णबधिर बाळं अशा 'लाडिक' खुणांकडे अधिक टक लावून पाहतात. ज्यांनी सांकेतिक भाषा कधी पाहिलेली नाही अशी ऐकू येणारी बाळंसुद्धा तेच करतात. आणखी एक गोष्ट अशा घरांत पाहायला मिळते. बाळाची नजर खुळखुळ्यावर असेल तर आई खुळखुळ्याजवळच खूण करते, कधी बाळाच्या अंगावरच करते, किंवा हलकेच थोपटून त्याने वर बघेपर्यंत थांबते. ऐकणारी आई बाळाची पाठ असतानाही बोलत राहू शकते. कर्णबधिर आईला बाळाची नजर जिंकावी लागते, आणि हे कौशल्य शिकता-शिकवता येतं.

आणि मग बाळाचे हात बोबडे बोलू लागतात. लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की कर्णबधिर आईवडिलांच्या कर्णबधिर बाळांच्या हातांत दहाव्या महिन्याच्या सुमारास तशीच बडबड सुरू असते, जशी आपल्या बाळांच्या तोंडी 'बाबाबा', 'दादादा'. तिला अर्थ नसतो, पण आकार सांकेतिक भाषेतलेच असतात आणि एकच घटक पुन्हा पुन्हा येतो. २००१ मध्ये पेटिटो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक चलाख प्रयोग केला. बाळं ऐकू येणारी, पण आईवडील कर्णबधिर. त्यांच्या हातांवर संवेदक लावून हालचालींचा वेग मोजला. साधी हातांची फेकाफेक आणि भाषेची बडबड यांच्या लयी वेगळ्या निघाल्या. बडबडीची लय संथ होती, सेकंदाला साधारण एक आवर्तन. सामान्य बोलत्या घरांतल्या बाळांच्या हातांत ही संथ लय सापडली नाही. घरात जी भाषा हातांवर चालते तिचा ताल त्या बाळांनी हातांत उचलला होता. यापुढे कोणी म्हणालं की भाषा मुळात तोंडाची आणि हात हा नाइलाजाचा मार्ग, तर त्याच्याजवळ पुरावा मागायला हवा.

आता किमतीचा विषय. पहिल्या काही वर्षांत भाषाच मिळाली नाही तर काय होतं? रेचेल मेबेरी यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या साऱ्या वादात सर्वांत निर्णायक वाटतो. मोठ्या वयात सांकेतिक भाषा शिकलेल्या कर्णबधिर लोकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटातले लोक जन्मतः ऐकू येणारे होते. लहानपणी बोलू लागले आणि नंतर श्रवण गमावून बसले. दुसऱ्या गटातले जन्मतः कर्णबधिर, ज्यांना बालपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नव्हती. पहिल्या गटाने उशिरा शिकूनही सांकेतिक भाषा उत्तम आत्मसात केली. दुसरा गट वर्षानुवर्षं तीच भाषा वापरूनही मागे राहिला. उलट बाजूने पाहिलं तर बालपणी सांकेतिक भाषा मिळालेले कर्णबधिर लोक पुढे इंग्रजी शिकण्यात दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या ऐकत्या लोकांच्या बरोबरीने उतरले. थोडक्यात, पहिली भाषा वेळेत मिळाली तर ती पुढच्या प्रत्येक भाषेचा पाया होते, मग ती हाताची असो की तोंडाची. पाया घालायचा राहून गेला तर नंतर कितीही मजले चढवा, ते डळमळीतच राहतात.

हे लक्षात ठेवून चेन्नईतल्या, किंवा मुंबई-पुण्यातल्याही, एखाद्या सर्वसाधारण कुटुंबाची वाटचाल डोळ्यांसमोर आणा. टाळी वाजवली तरी बाळ दचकत नाही, हे आधी आईच्याच लक्षात येतं. घरचे म्हणतात, थांब, याचा बापही उशिराच बोलला होता. मग ओएई, मग बेरा या ऐकण्याच्या तपासण्या. रिपोर्टवरचे आलेख कोणीतरी समजावून सांगतं. मग मशीनची चाचणी, कानाचा मोल्ड, कॉक्लियरसाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मंजुरी, शस्त्रक्रियेची तारीख. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी मशीन सुरू होतं, मग मॅपिंग, म्हणजे मशीनची जुळवणी, आणि थेरपीच्या खेपा. यातल्या प्रत्येक टप्प्यावर माणसं मनापासून काम करतात. तरीही बेरापासून कामचलाऊ ऐकण्यापर्यंत कित्येक महिने, अनेकदा वर्षं निघून जातात. हेच ते महिने आहेत, ज्यांत बाळाचा मेंदू घडण शोधत असतो आणि न सापडलेल्या गोष्टी सोडून देत असतो. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलता येते, बाळाचा पहिला वाढदिवस पुढे ढकलता येत नाही.

बाल विद्यालयासारख्या संस्थांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. तिथली पद्धत बोलण्याची आहे, खुणांची नाही. बाळ मशीन लावून येतं, सोबत आई येते, वर्गात बसते, शिकते आणि घरी तोच वर्ग चालवते. पाच वर्षांच्या सुमाराला मुलं नेहमीच्या शाळांत जावीत, हा ध्यास. या कामाने दोन गोष्टी साऱ्या देशाला शिकवल्या: सुरुवात पाळण्यापासून करायची आणि आई हीच पहिली शिक्षिका. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ च्या कोलोरॅडोतल्या अभ्यासातही पहिल्या सहा महिन्यांत निदान होऊन मदत सुरू झालेली बाळं भाषेत स्पष्टपणे पुढे होती आणि हा फायदा बोलण्याच्या व खुणांच्या, दोन्ही मार्गांनी जाणाऱ्यांत दिसला. म्हणूनच माझा प्रश्न असा, की लवकर सुरुवात आणि आईचा सहभाग ही दोन तत्त्वं इतकी खरी असतील, तर ती फक्त कानापुरतीच का राखून ठेवायची?

याला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला सर्वांत वजनदार आहे: खुणा दिल्या तर बोलणं मागे पडतं. ॲन गीअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'पीडिॲट्रिक्स'मध्ये कॉक्लियर बसवलेल्या ९७ मुलांचा अभ्यास छापला. ज्या कुटुंबांनी खुणा वापरल्या नव्हत्या, त्यांच्या मुलांचं बोलणं आणि वाचन पुढच्या वर्षांत सरस निघालं. हा अभ्यास बाजूला सारून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण त्यात काय मोजलं तेही पाहायला हवं. खुणा वापरणारी बहुतेक घरं ऐकत्या पालकांची होती, त्यांच्या खुणा तुटपुंज्या होत्या. जन्मापासून अस्खलित सांकेतिक भाषा मिळालेल्या मुलांचा गट त्यात नव्हता. शिवाय ज्या मुलाचं बोलणं अडखळतं तिथेच पालक खुणांकडे अधिक वळतात, हेही विसरून चालणार नाही. अस्खलित भाषा मिळालेल्या मुलांबद्दल डेव्हिडसन, लिलो-मार्टिन आणि चेन पिचलर यांनी २०१४ मध्ये लिहिलं आहे. कर्णबधिर आईवडिलांच्या घरात सांकेतिक भाषा शिकून मग कॉक्लियर मिळालेली ही मुलं बोलक्या इंग्रजीत अशाच घरांतल्या ऐकत्या मुलांच्या तोडीस तोड होती. गट लहान होता, तरी खुणांनी बोलणं मारलं जातं या ठाम विधानाला तडा जायला तो पुरेसा आहे. आणि मुद्दा फक्त बोलण्याचा नाहीच. कॉक्लियर सगळ्यांना सारखं लाभत नाही. कोणाला लाभेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ज्या मुलाला ते लाभलं नाही, त्याला पाचव्या वर्षी 'आता खुणा शिकूया' म्हणायचं, म्हणजे मेबेरींच्या दुसऱ्या गटात नेऊन बसवायचं. दोन्ही भाषा दिलेल्या मुलाला हा धोका पत्करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप: दोन भाषांनी बाळ गोंधळेल. या आक्षेपाला उत्तर द्यायला चेन्नईतली मराठी घरंच पुरेशी आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य उभारलं, त्यांच्यामागे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही मैलापूर, तिरुवल्लिकेणी अशा भागांत राहतात आणि घरात त्यांची दक्षिणी मराठी बोलतात. तिथलं बाळ आजीकडून मराठी ऐकतं, शेजारणीकडून तमिळ, आणि शाळेत जाऊन इंग्रजी शिकतं. आधी तमिळ नीट येऊ द्या, तोवर मराठी बंद ठेवा, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर ही मराठी साडेतीनशे वर्षं टिकलीच नसती. तमिळ येण्यात मराठीची अडचण झाली असंही कोणी म्हणत नाही. पेटिटो यांच्या गटाने क्यूबेकमध्ये फ्रेंच आणि तिथली सांकेतिक भाषा एकाच वेळी शिकणारी ऐकती मुलं पाहिली. पहिला शब्द, शब्दांच्या पहिल्या जोड्या, सगळे टप्पे त्यांनी दोन्ही भाषांत वेळेवर गाठले. आपल्या देशात तर दोन-तीन भाषांत वाढणं ही नित्याची गोष्ट. ही सहजता आपण कर्णबधिर बाळाला तेवढी नाकारतो.

तिसरा आक्षेप आईवडिलांच्या जिवाला लागणारा आहे. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकत्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. अमेरिकेतल्या आकडेवारीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. ज्या आईने आयुष्यात कधी सांकेतिक भाषा पाहिली नाही, ती बाळाला कशी शिकवणार? तिच्या मोडक्यातोडक्या खुणांनी बाळाचं नुकसानच नाही का होणार? या भीतीला उत्तर देणारा एक मुलगा संशोधनात 'सायमन' या टोपणनावाने ओळखला जातो. त्याचे कर्णबधिर आईवडील स्वतः उशिरा सांकेतिक भाषा शिकलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका भरपूर. सायमनला दुसरं कोणी ही भाषा बोलणारं भेटत नव्हतं. जेनी सिंगलटन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी २००४ मध्ये दाखवलं, की त्याची स्वतःची भाषा आईवडिलांपेक्षा कितीतरी नेटकी होती. त्यांच्या विस्कळीत बोलण्यातून त्याने नियम वेचून काढले. मूल मिळेल त्या कच्च्या मालातून भाषा बांधतं, फक्त तो माल त्याला वेळेवर आणि रोज मिळायला हवा. २०२१ मध्ये कॅसेली, पायर्स आणि लीबरमन यांनी ऐकत्या आईवडिलांच्या कर्णबधिर मुलांचा शब्दसंग्रह मोजला. सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषा सुरू झालेल्या मुलांची वाढ वयाला साजेशी होती. त्यांचे पालक नवशिकेच होते.

तरीही आईने हे एकटीने करावं, अशी अपेक्षा कोणी धरू नये. तिला शिकवणारी माणसं लागतात आणि ती कर्णबधिर प्रौढांमध्येच सापडतात. अमेरिकेत यूटा राज्यात १९९० च्या दशकात कर्णबधिर प्रौढ बाळाच्या घरी नियमित जात, कुटुंबाला भाषा शिकवत, बाळाशी खेळत. १९९८ मध्ये छापलेल्या त्या उपक्रमाच्या अहवालात, ज्या बाळांना असा मार्गदर्शक मिळाला त्यांची भाषा तो न मिळालेल्यांपेक्षा सरस असल्याचं दिसलं. चेन्नईला अशी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. शहरातल्या कर्णबधिरांच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकून बाहेर पडल्या आहेत, सेंट लुईसमधून पदवीधर निघतात. आज यातल्या एखाद्या तरुणीला नोकरी मिळते ती संगणकावर माहिती भरण्याची. बाळाची नजर कशी जिंकायची, खूण कुठे करायची, किती थांबायचं, हे तिच्याकडून ऐकत्या आयांनी शिकावं, असं काम तिला कोणी देत नाही. शिवाय आपलं मूल मोठं होऊन कसं असेल, या भीतीने रात्ररात्र जागणाऱ्या आईबापांना हसतीखेळती, कमावती कर्णबधिर व्यक्ती घरात येऊन बसण्याने जो धीर मिळेल, तो कुठल्याही समुपदेशनाने मिळणार नाही.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेचा उल्लेख आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ती माध्यमिक स्तरावर भाषाविषय म्हणून आणली. दुसरीकडे आपल्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत केंद्राच्या योजनेतून लहान मुलांना कॉक्लियर मिळतं आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. या दोन याद्यांकडे एकत्र पाहिलं की भगदाड दिसतं. बाळाच्या पहिल्या वर्षासाठी आपण वैद्यकीय मदत आखली आणि भाषा ठेवली शाळेच्या वयासाठी. माध्यमिक शाळेत विषय म्हणून सांकेतिक भाषा घेणारा मुलगा पंधरा वर्षांचा असतो. तिची सर्वाधिक गरज त्याला सहाव्या महिन्यात होती.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढ्या लोकांच्या देशात शहरी, ऐकत्या घरांमध्ये 'बेबी साइन'चे वर्ग निघत आहेत; बाळ लवकर हुशार होतं म्हणून. एलिझाबेथ कर्क यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऐकत्या बाळांच्या भाषेला अशा खुणांनी काही खास चालना मिळाल्याचं दिसलं नाही. ज्यांच्या कानावर भाषा अखंड पडते आहे, त्यांना खुणा हौसेने दिल्या जातात. ज्यांच्यासाठी तीच एकमेव खुली वाट आहे, त्यांच्या आईला हात खाली घ्यायला सांगितलं जातं. हा अन्याय आहे आणि तो अज्ञानातून होतो म्हणून कमी होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बेराचा रिपोर्ट हातात पडतो त्याच दिवशी मशीनच्या चिठ्ठीबरोबर कुटुंबाची एका कर्णबधिर प्रौढाशी गाठ घालून द्यावी. घरी येण्याबद्दल त्या व्यक्तीला पगार मिळावा. शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतल्या शिक्षकांना भारतीय सांकेतिक भाषा येणं सक्तीचं असावं, मग ते बोलण्याच्या पद्धतीचे का असेनात. मुलाचं बोलणं पुढे फुललं तर आनंदच आहे. तेव्हा त्याच्याजवळ दोन भाषा असतील. नाही फुललं, तर निदान एक पूर्ण भाषा असेल, जिच्यात त्याला विचार करता येईल, भांडता येईल, गोष्ट सांगता येईल. सहा महिन्यांच्या बाळाला ही भाषा द्यायला शस्त्रक्रिया लागत नाही, विम्याची मंजुरीही लागत नाही. ती जाणणारी माणसं चेन्नईत आहेत, मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. त्यांना बोलावून घेणं आपल्याकडून राहिलं आहे.